तिच्या हिताचं वाटल्यास

३ जानेवारी २००४

बँकेने यंदापासून निवृत्तांना डायरी देणं बंद केलं. खर्चात कपात म्हणे. चेअरमनच्या केबिनमध्ये मात्र नवा एसी बसला आहे, तो बहुधा फुकट आला असावा. शेवटी ही डायरी अप्पा बळवंत चौकातून स्वतःच्या खिशातून घेतली. विकत घेतलेली वस्तू वाया घालवायची माझी पद्धत नाही, तेव्हा लिहिणं आलं.

लिहायला कारणही आहे. डिसेंबरात रंगराव गेला. नारायण पेठेत तसबिरींना फ्रेम करून देणारा रंगराव, माझा शाळेपासूनचा मित्र. मी निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी कसब्यातून चालत त्याच्या घरी जातो. आता "जायचो" लिहायला हवं. पण मी अजूनही जातोच.

काल बाळ वकिलांनी त्याचं मृत्युपत्र वाचून दाखवलं. एक्झिक्युटर म्हणून माझं नाव. मजकूर थोडकाच आहे. राहतं घर पत्नी द्वारका हिने हयातभर वापरावं. तिच्या हयातीत ते विकू नये. विकणं तिच्या हिताचं आहे असं रामदासला वाटल्यास त्याच्या लेखी संमतीनेच विकावं, आणि आलेल्या पैशाचा विनियोग आधी तिच्यासाठी व्हावा. तिच्यानंतर जे राहील ते मुलाचं, अभिनवचं.

वाचून झाल्यावर वकील म्हणाले, "रामदासराव, एक्झिक्युटर म्हणजे मालक नव्हे. ही विश्वासाची जागा आहे. स्वतःचा फायदा बघायचा नाही, स्वतःच्या आवडीनिवडी घुसवायच्या नाहीत. ज्यांच्यासाठी लिहिलंय, त्यांचंच हित बघायचं."

सगळी हयात बँकेत काढलेल्या माणसाला हे ऐकवायची गरज नव्हती. मी नुसती मान हलवली. द्वारकावहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. नंतर चहा दिला.

११ जानेवारी

काम फार नाही. वीजबिलावरचं नाव, बँकेचे कागद, दुकानाचा गाळा मूळ मालकाला परत देणं. एकेक मार्गी लावतो आहे. रोज संध्याकाळी जाऊन वहिनींना काय झालं ते सांगतो. मी बाहेरच्या खोलीत, माझ्या नेहमीच्या खुर्चीवर. त्या दारात. रंगराव होता तेव्हाही असंच होतं. आम्ही दोघे जगभरच्या गप्पा हाणायचो आणि वहिनी चहा आणून द्यायच्या. कधी मधे बोलल्या नाहीत. अशी बाई आता विरळा.

आज मात्र त्यांनी विचारलं, "भावोजी, तुमची पद्मजा किती वाजता येते घरी?"

पद्मजा माझी सून. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, ऑफिस पार हिंजवडीला. मुलगा कंपनीच्याच कामासाठी महिन्यातले बरेच दिवस बंगळुरात. मी म्हटलं, "जेवायच्या वेळेला उगवते."

"मग तोवर तुम्ही काय करता?"

"तोवर मी इथे असतो की."

त्या आत गेल्या. चहाबरोबर आज चिवडाही होता.

१ फेब्रुवारी

ज्याची भीती होती तेच झालं. अभिनवने तोंड उघडलं.

अभिनव बाणेरला राहतो, मोठ्या कंपनीत आहे, सुट्टीच्या दिवशी आईकडे येतो. आज आल्या आल्या म्हणाला, "काका, घराला गिऱ्हाईक आलंय. शेजारच्या बिल्डिंगमध्ये योगेशचा कॉम्प्युटर क्लास आहे ना, त्याला जागा वाढवायचीय. चांगला भाव देतोय."

बाप जाऊन किती दिवस झाले, आणि हा भाव सांगतोय! मी म्हटलं, "बाणेरचा हप्ता जड जातोय वाटतं?"

पोरगं लाल झालं. "माझ्यासाठी नाही विचारत आहे, काका. तुम्ही आईशी एकदा नीट बोला ना, प्लीज."

"त्यात काय? आत्ता विचारतो." मी तिथूनच आवाज दिला, "वहिनी, घर विकायचं नाहीये ना?"

वहिनी दारात आल्या. एकदा अभिनवकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तुम्ही म्हणाल ते, भावोजी."

"आई, बोल ना," अभिनव म्हणाला.

"चहा घे. गार होतोय."

झालं. प्रश्न मिटला. येताना जिन्यात अभिनव माझ्यामागे आला, काहीतरी म्हणणार होता, पण मी थांबलो नाही. राग आवरणं मला जमतं. लपवणं जमत नाही.

९ फेब्रुवारी

घर राखायचं म्हणजे नुसतं विकू द्यायचं नाही, एवढंच नव्हे. ते राहण्यासारखंही ठेवायला हवं. कारागीर बोलावला. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली, गिझर बसवला. गॅलरीत वहिनींनी कुंड्यांची दाटी केली होती, भिंतीत ओल उतरली होती. त्या सगळ्या कुंड्या गच्चीवर नेल्या आणि गॅलरीला वरून पत्रा ठोकून घेतला. आता पावसाळ्याची चिंता नाही.

"गच्चीवर पाणी न्यायला लागेल हो," वहिनी म्हणाल्या.

"तेवढाच व्यायाम," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. दुःखात माणसाला विनोद कळत नाही, हे मी ध्यानात ठेवायला हवं होतं.

२१ फेब्रुवारी

योगेश क्लासवाला माझ्याकडे कसब्यात येऊन गेला. नम्र मुलगा आहे. मी त्याला नम्रपणेच सांगितलं की घर विकाऊ नाही, होणार नाही, आणि पुन्हा विचारायचं असेल तर माझ्या श्राद्धाला ये. मग अभिनवला रीतसर पत्र लिहिलं: एक्झिक्युटर या नात्याने कळवतो की सदर वास्तूच्या विक्रीस माझी संमती नाही, व यापुढे वहिनींवर दबाव आणल्यास मला कायदेशीर मार्ग पत्करावा लागेल. मजकूर छान उतरला. बँक सोडल्यापासून असं पत्र लिहायची संधी मिळाली नव्हती.

पद्मजाला वाचून दाखवलं. ती डबा घासत होती. म्हणाली, "सुंदर. आणि द्वारकाकाकूंना काय हवंय?"

"अगं, त्यांच्यासाठीच तर चाललंय सगळं."

"हो, ते दिसतंय. मी विचारलं, त्यांना काय हवंय."

या पिढीला प्रत्येक गोष्ट प्रश्नावली भरून घ्यायची असते. मी पाकिटावर पत्ता घालायला घेतला.

४ मार्च

आज दाराला कुलूप. मी तिथेच पायरीवर बसलो, येतील म्हणून. वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, त्या बहिणीकडे गेल्या, लोणी काळभोरला. आठवडा तरी येणार नाहीत.

मला सांगून गेल्या नाहीत.

घरी येऊन अभिनवला फोन लावला. "आई मजेत आहे, काका. तुम्हीही चला ना रविवारी, गाडीने नेतो." गोड बोलतोय! आईला आधी घराबाहेर काढायचं, मग घर रिकामंच आहे म्हणायचं. बँकेत असले डाव पुष्कळ पाहिले आहेत. मी म्हटलं, मला बस माहीत आहे.

संध्याकाळ फार लांबली. ओंकारेश्वरापर्यंत गेलो, परत आलो, पेपर पुन्हा पहिल्यापासून वाचला. रंगराव गेला त्या आठवड्यातसुद्धा इतकं सुनं वाटलं नव्हतं.

७ मार्च

आजचं सगळं लिहून ठेवतो.

वहिनींना परत आणायचं, असं ठरवून निघालो. स्वारगेटहून बस मिळाली. लोणीत उतरून विचारत विचारत गेलो. नंदाताई, म्हणजे वहिनींची धाकटी बहीण. तिची गावाबाहेर रोपवाटिका आहे, कालव्याच्या अलीकडे. बांधावरूनच एका बाईचा आवाज ऐकू आला, खणखणीत.

"अगं ए, त्या रोपांना आत्ता पानी नगं घालू! ऊन हाय का न्हाई बघ की! मरत्याल समदी!"

पुढे गेलो तर त्या द्वारकावहिनी. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत मातीचे, आणि खो खो हसत होत्या. मला त्यांचा हा आवाज माहीत नव्हता. त्या मोठ्याने बोलू शकतात हेही माहीत नव्हतं. मी बांधावरच थांबलो.

नंदाताईंनी आधी पाहिलं. "या की पाव्हणं! आक्का, बघ कोन आलंय."

वहिनींनी पदर सोडला, डोक्यावरून घेतला आणि क्षणात नारायण पेठेतल्या झाल्या. "भावोजी? एवढ्या उन्हाचे कसे आलात?"

मला खाटेवर बसवलं. पाणी दिलं. मी म्हटलं, "वहिनी, चला. मी न्यायला आलोय. घाबरू नका, अभिनवची मी व्यवस्था लावतो. घर तुमचंच राहणार."

नंदाताईंनी कपाळावर हात मारला. "आक्का, आता तरी बोल! पाडवा तोंडावर आलाय. त्यो शेजारचा रान दुसऱ्याला देऊन मोकळा व्हईल."

वहिनी आत जातील असं मला वाटलं, पण तिथे आत असं काही नव्हतंच. त्या समोर, त्याच खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. इतक्या वर्षांत आम्ही असे समोरासमोर कधी बसलो नव्हतो. कुठे बघावं ते मला कळेना.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "घर अभिनवला नकोय. मलाच विकायचंय."

मग बोलल्या. थांबत थांबत, पण सगळं. शेजारची जमीन खंडाने, म्हणजे वर्षाच्या भाड्यावर, मिळते आहे, पाडव्यापासून. जमिनीचे व्यवहार इकडे पाडव्यालाच बदलतात. दोघी बहिणींनी मिळून रोपवाटिका वाढवायची. शेडनेट घालायची, विहिरीवर नवी मोटर बसवायची. खराडी, हडपसर, हिंजवडी, जिकडेतिकडे कंपन्या उभ्या राहतायत. प्रत्येकाला दारात हिरवळ हवी, कुंड्या हव्या. अभिनवच्याच कंपनीने विचारणा केली आहे. पण त्याला आत्ता भांडवल लागेल, आणि ते घरातच अडकलं आहे.

"तुम्ही खोपटात राहणार? या वयात?"

"खोपट कसलं? नंदाचं पक्कं घर आहे. मी शेतकऱ्याची मुलगी, भावोजी. लग्न होऊन गेले तेव्हापासून मातीत हात घातला तो कुंडीत तेवढा." थोडं थांबून म्हणाल्या, "आणि आता कुंड्या गच्चीवर आहेत."

मी म्हटलं, "मी विचारलं होतं तुम्हांला. तुम्ही म्हणालात, तुम्ही म्हणाल ते."

"हो. तसंच म्हणाले."

"का? इतके दिवस गप्प का राहिलात?"

"असू द्या ना, भावोजी."

"आक्का, सांग की खरं काय ते," नंदाताई म्हणाल्या.

"नंदे, गप बस."

पुढे वहिनी उठल्या आणि मला गुलाबाच्या रोपावर डोळा कसा भरतात ते दाखवायला लागल्या. खोडाच्या सालीला चाकूने बारीक चीर द्यायची, दुसऱ्या जातीच्या फांदीवरचा डोळा आत सरकवायचा, पट्टी बांधायची. त्यांचे हात झरझर चालत होते. मी "वा, वा" म्हणत होतो. काही दिसत नव्हतं.

बसमध्ये एकच विचार. ही बाई मला भ्यायली होती. मी भ्यायला लावलं. दरवेळी बाहेरच्या खोलीतून प्रश्न टाकायचा, तोही असा की उत्तर आतच असावं.

८ मार्च

संमती द्यायची तर रंगरावचा शब्द मोडतो. त्याने घर तिच्यासाठी राखलं. छप्पर हातचं गेलं आणि रोपं मेली, तर? पावसाने दगा दिला, कंपन्यांनी दुसऱ्याकडून कुंड्या घेतल्या, तर? एक्झिक्युटरने हे सगळं बघायचं असतं.

ही कारणं खोटी नाहीत. पण डायरी स्वतःच्या पैशाची आहे, तेव्हा खरं लिहितो. वहिनी लोणीला गेल्या तर मी संध्याकाळी कुठे जाऊ? रंगराव नाही, निदान त्याची खुर्ची आहे, चहा आहे, कोणीतरी "आलात का?" म्हणतं. कुलूप लावलेल्या दारासमोर बसलो होतो तेव्हा मला त्यांची काळजी वाटत नव्हती. मला माझीच कीव येत होती. मी त्यांचं घर वाचवत होतो की माझं, याचं उत्तर मला आवडलेलं नाही.

१० मार्च

बाळ वकिलांकडे गेलो. विचारलं, धोका असलेल्या गोष्टीला संमती दिली तर ती जबाबदारी टाळणं नव्हे का?

ते म्हणाले, "धोका तिला समजलाय का?"

"माझ्यापेक्षा जास्त."

"अभिनवची हरकत?"

"तोच मागे लागलाय."

"मग अडतंय कुणाचं?"

वकील फी घेऊन असे प्रश्न विचारतात. मी म्हटलं, "माझं." ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, घर विकून येणाऱ्या पैशातला एक भाग बँकेत वहिनींच्या नावावर ठेवा, धंद्यासाठी हात लावता येणार नाही असा. बाकी त्यांना वापरू द्या. मग हित राखलं जाईल आणि त्यांचं मनही.

लोणीला फोन केला. या वेळी नीट विचारलं. "वहिनी, असं केलं तर तुम्हांला चालेल का? नाही म्हणालात तरी चालेल."

पलीकडे त्यांनी नंदाताईंना काहीतरी विचारलं. मग म्हणाल्या, "बँकेत थोडं कमी ठेवू या, भावोजी. मोटरला जास्त लागतील."

आम्ही त्यावर चक्क घासाघीस केली. मजा आली.

१६ मार्च

संमतिपत्रावर सही केली. अभिनवला ते फेब्रुवारीतलं पत्र परत मागितलं. तो म्हणाला, "नाही देणार काका, फ्रेम करून ठेवणार आहे." गाढव कुठला.

पद्मजाला बातमी सांगितली. तिने पर्स खाली ठेवली, म्हणाली, "बाबा, शाबास." सासऱ्याला शाबास म्हणायची ही पद्धत कुठली कोण जाणे. पण बरं वाटलं.

२१ मार्च, पाडवा

लोणीत जमीन ठरली. योगेशने दिलेल्या विसारावर काम भागलं. वहिनींनी फोनवर सांगितलं, गुढी रोपवाटिकेच्या दारात उभारली आहे. मागे नंदाताईंचा आरडाओरडा चालू होता, पाण्याचा पाइप फुटला म्हणून. वहिनी "आले गं" असं ओरडल्या आणि फोन तसाच ठेवून पळाल्या. मी थोडा वेळ तो आवाज ऐकत बसलो.

११ एप्रिल

आज घर योगेशच्या ताब्यात दिलं. कालच सामान टेम्पोतून लोणीला गेलं. वहिनी आल्या नाहीत, त्यांना कुठल्याशा कंपनीची गाडी भरायची होती. अभिनव, योगेश आणि मी.

खोल्या रिकाम्या. बाहेरच्या खोलीत ते दोघे वायरिंग बघत होते. मी आत गेलो. स्वयंपाकघरात. इतकी वर्षं या घरात आलो, पण त्या दाराच्या आत मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. लहान खोली, एक खिडकी, ओटा. गॅस, पाणी नीट बंद आहे ना बघत होतो.

बाहेरचा शब्द न् शब्द तिथे ऐकू येत होता.

योगेश म्हणाला, "जानेवारीतच ठरत होतं ना आपलं? मग एवढं का लांबलं? काका तयार नव्हते म्हणून?"

"काका तयार नव्हते, ते सोड रे," अभिनव म्हणाला. "मी वकिलाला विचारलं होतं. आईने नुसतं लेखी दिलं असतं की मला विकायचंय, तर एक्झिक्युटर म्हणून काकांना संमती नाकारता आली नसती. आईच तयार नव्हती. मी किती भांडलो तिच्याशी! म्हणायची, तुझे बाबा गेल्यावर काकांना जायला हे एवढंच घर राहिलंय. सून उशिरा येते, मुलगा गावात नसतो. हे दार बंद झालं तर त्या माणसाने बसायचं कुठे? जरा सावरू दे त्यांना. पाडवा गेला तर गेला, पुढच्या वर्षी बघू म्हणायची."

"मग?"

"मग ते स्वतःच लोणीला गेले आणि परत येऊन सही केली. आई रडली त्या दिवशी फोनवर. मला म्हणाली, आता दर रविवारी त्यांना गाडीने इकडे आणायचं, विसरायचं नाही."

मला वाटत होतं, ती मला भ्यायली. मृत्युपत्रात तिच्या हिताची जबाबदारी माझ्यावर लिहिली होती, वकिलाने वाचली होती, मी ती मिरवली होती. माझं हित बघायला कोणीच कोणाला नेमलं नव्हतं.

नळ सोडून तोंडावर पाणी मारलं. पुसायला काही नव्हतं, सगळं लोणीला गेलं होतं.

"काका," अभिनवने हाक मारली, "झालं का तुमचं? निघायचं?"

"आलो," म्हटलं. ते काही त्याच्यापर्यंत पोचलं नसावं, कारण त्याने पुन्हा हाक मारली.